कुमानो कोदो चालायचंय? आधी मुक्काम ठरवा, तारखा नंतर

ओसाकात राहत असल्यामुळे दरवर्षी वसंत ऋतू आणि शरद ऋतू जवळ आला की मला पुण्या-मुंबईहून ठरावीक फोन येतात. ‘विमानाची तिकिटं काढली, रेल्वेचं झालं, आता कुमानो कोदोचं काय ते सांग.’ क्रम इथेच उलटा होतो. या वाटेवरच्या गावांत राहायच्या जागा मोजक्या आहेत, कुठे चार खोल्या, कुठे सहा. एका गावातली खोली हुकली की पुढच्या दोन दिवसांचं गणित कोलमडतं. म्हणून हा लेख चालण्याबद्दल जितका आहे, तितकाच चालण्याआधीच्या कामांबद्दल आहे.

कुमानो कोदो ही एक वाट नाही. जपानच्या ‘की’ नावाच्या द्वीपकल्पात डोंगरांतून जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गांचं ते जाळं आहे. त्यातला नाकाहेची मार्ग पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सगळ्यात योग्य. ताकिजिरी-ओजी या छोट्या देवस्थानापासून कुमानो होंगू ताइशा या मुख्य शिंतो देवळापर्यंत तो सुमारे ३८ किलोमीटर आहे. ‘ओजी’ म्हणजे वाटेत जागोजागी असलेली उपदेवस्थानं. काही ठिकाणी छोटं देऊळ, काही ठिकाणी नुसता कोरलेला दगड. पुढे येणारी बहुतेक नावं या ओजींचीच आहेत.

‘राजगड-तोरणा एका दिवसात केलाय, ३८ किलोमीटरचं काय घेऊन बसलीस’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की अंतरापेक्षा इथे घड्याळ कडक आहे. जंगलात अंधार लवकर पडतो, शेवटची बस दुपारीच निघून जाते आणि मुक्कामी जेवण संध्याकाळी सहाला मांडलं जातं.

१. तारीख आणि मुक्काम (तीन ते सहा महिने आधी)

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चालण्याचे चांगले महिने. जून आणि जुलैचा बराचसा भाग पावसाचा, आणि हा पट्टा जपानमधल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी आहे. ऑगस्टमध्ये दमट उकाडा असतो, सप्टेंबरमध्ये वादळांची भीती. डिसेंबर-जानेवारीत चालता येतं, पण दिवस अगदी तोकडा मिळतो.

आता मुक्काम. माझ्या मते तीन दिवसांची ही मांडणी सगळ्यात सुखाची आहे:

पहिला दिवस: ओसाकाहून तानाबे, तिथून बसने ताकिजिरी, मग ताकाहारापर्यंत चाल. अंतर फक्त ४ किलोमीटर, पण चढ खडा.
दुसरा दिवस: ताकाहारा ते चिकात्सुयु, सुमारे १० किलोमीटर. जमलं तर थोडं पुढे नोनाका वस्तीपर्यंत.
तिसरा दिवस: चिकात्सुयु ते होंगू, सुमारे २५ किलोमीटर. रात्री होंगूत किंवा जवळच्या युनोमिने या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी.

खोल्या शोधताना ताकाहारापासून सुरुवात करा, कारण तिथे जागा सगळ्यात कमी. ताकाहारात ज्या दिवशी खोली मिळेल तो तुमचा पहिला दिवस. मग चिकात्सुयु, मग युनोमिने. या तीन रात्री जुळल्या की विमानाची तिकिटं काढा. तानाबे शहराच्या पर्यटन संस्थेची ‘कुमानो ट्रॅव्हल’ नावाची आरक्षण व्यवस्था आहे. मुक्काम, दुपारचा डबा आणि सामान पुढे पोचवण्याची सोय एकाच ठिकाणी ठरवता येते.

तंबू ठोकून राहण्याचा विचार सोडून द्या. ही सह्याद्रीतली पठारं नव्हेत. वाटेवर तंबू लावायचा नसतो.

*इशारा:* ताकाहारात जागा नाही म्हणून पहिल्याच दिवशी ताकिजिरीहून थेट चिकात्सुयु गाठायचं ठरवत असाल, तर आदली रात्र तानाबेत काढा आणि सकाळची पहिली बस धरा. ओसाकाहून त्याच दिवशी येऊन हे जमवू नका.

२. जेवणाबद्दल आधीच लिहून कळवा

आपल्यातल्या शाकाहारी मंडळींची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलं की यजमान मांस वगळतात, पण सूप, भाजी, टोफू सगळं ‘दाशी’ नावाच्या सारात शिजतं. हे दाशी बहुतेक वेळा कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या किसाचं असतं. त्यात त्यांची काही चूक नसते. त्यांच्या लेखी तो मासा नसून चव असते.

म्हणून आरक्षण करतानाच चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा: मांस नको, मासा नको, माशाचं दाशी नको (कोंबू या समुद्री वनस्पतीचं चालेल), अंडं चालतं की नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही तेव्हाच. पोचल्यावर सांगून उपयोग नाही, कारण स्वयंपाक सकाळपासूनच सुरू झालेला असतो. काही जागा ‘आम्हाला जमणार नाही’ असं स्पष्ट कळवतात. त्यांच्यावर रागावू नका, दुसरी जागा शोधा.

माझ्या पिशवीत मेतकूट, दाण्याची चटणी आणि खाकरे कायम असतात. साध्या भातावर मेतकूट घातलं की डोंगरातली रात्र निभते. मात्र भारतातून येताना ताजी फळं-भाज्या आणि कोणतेही मांसाचे पदार्थ आणू नका. विमानतळावर अडवतात.

३. पाठीवर काय, पुढे काय पाठवायचं

मोठी बॅग मुक्कामाहून मुक्कामाला गाडीने पाठवता येते. ही सोय घ्याच. फक्त ती आधी ठरवावी लागते. सकाळी उठून ‘बॅग पाठवा’ म्हणून चालत नाही. पाठीवर पाच-सहा किलोंपेक्षा जास्त नको.

बूट घोट्यापर्यंतचे आणि वापरून मऊ झालेले हवेत. इथल्या वाटेवर आपल्यासारखा घसारा नाही, ‘सुगी’ नावाच्या झाडांची (आपण देवदार म्हणू असे उंच वृक्ष) मुळं आहेत. पावसानंतर साल निघालेलं मूळ साबणासारखं होतं, आणि जुन्या दगडी पायऱ्यांवरचं शेवाळ त्याहून वाईट. नवे बूट घालून आलेल्या माझ्या एका मावसबहिणीच्या टाचा दुसऱ्या दिवशी सोलल्या गेल्या होत्या आणि उरलेलं अंतर तिने बसने कापलं.

बाकी: अंगभर पावसाळी कपडे (जंगलात छत्री फांद्यांत अडकते), दीड-दोन लिटर पाणी, डोक्याला लावायचा दिवा, एक काठी, अस्वलासाठी म्हणून अनेकजण बांधतात ती छोटी घंटा, आणि रोख पैसे. रोख रकमेवर जोर देते, कारण गावांत कार्ड चालेलच असं नाही. हजार येनच्या नोटा आणि सुटी नाणी तानाबेत करून घ्या.

*तपासा (आदल्या रात्री):* बसचं वेळापत्रक छापील हवं, कारण ऋतूनुसार आणि वारानुसार वेळा बदलतात. नकाशा फोनमध्ये उतरवलेला हवा. दोन खिंडींच्या मध्ये फोनला रेंज नसते.

४. तानाबे ते ताकिजिरी

शिन-ओसाका किंवा तेन्नोजी स्थानकावरून ‘कुरोशिओ’ ही जलद गाडी की-तानाबेला सव्वादोन तासांच्या आसपास पोचवते. स्टेशनाबाहेर पडताच पर्यटन माहिती केंद्र आहे. तिथे पाच मिनिटं थांबून वाटेची आजची स्थिती विचारा, कागदी नकाशा घ्या आणि दुपारचं खाणं इथेच भरा. पुढे मोठं दुकान नाही.

बस ताकिजिरीला सुमारे ४० मिनिटांत पोचते. चढताना यंत्रातून एक चिठ्ठी घ्यायची. तिच्यावर आकडा असतो. समोरच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि तेवढेच सुटे पैसे पेटीत टाकायचे. पेटी उरलेले पैसे परत करत नाही. हजाराची नोट ड्रायव्हरशेजारच्या यंत्रात आधी मोडून घ्यावी लागते, आणि ते बस थांबलेली असताना करावं.

ताकिजिरीला उतरलात की लगेच डोंगराकडे धावू नका. पूल ओलांडून समोर यात्रेकरूंचं माहिती केंद्र आहे. वाटेतल्या ओजींपाशी शिक्के उमटवून घ्यायची वही तिथे मिळते. स्वच्छतागृह वापरा, बाटल्या भरा.

*इशारा:* दुपारी तीननंतर ताकिजिरीहून निघू नका. शरद ऋतूत तर दोनच्या आत.

५. ताकिजिरी ते ताकाहारा: ४ किलोमीटर, दोन ते अडीच तास

ओजीला नमस्कार करून त्याच्या मागून वाट वर जाते. पहिला पाऊण तास हा सबंध मार्गावरचा सगळ्यात दमवणारा चढ. घाई करणाऱ्याच्या पोटऱ्या इथेच भरून येतात. लहान पावलं टाका. थोडं वर गेल्यावर मोठ्या कातळांमधून सरपटत जायची ‘ताइनाइ-कुगुरी’ नावाची कपार लागते. पाठीवरची पिशवी काढूनच आत शिरा. अडचण वाटली तर बाजूने वाट आहेच.

इथून वाट ओळखायची खूण शिकून घ्या. दर ५०० मीटरवर आकडा कोरलेला खांब आहे, ताकिजिरीला १ आणि होंगूला ७५. चालताना पंधरा-वीस मिनिटांत पुढचा खांब दिसायला हवा. वाट फुटते तिथे ‘ही कुमानो कोदो नाही’ अशा अर्थाच्या इंग्रजी पाट्याही लावल्या आहेत. लाकूडतोडीचे गाडीरस्ते चांगले रुंद असतात आणि मन तिकडेच ओढतं. पाटी वाचल्याशिवाय रुंद रस्ता धरू नका.

शिक्क्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण वह्या बिघडलेल्या बघून मला वाईट वाटतं. प्रत्येक ओजीपाशी खांबावर छपराची छोटी लाकडी पेटी असते, चिमण्यांसाठी टांगतो त्या घरट्यासारखी. झाकण उघडलं की आत शिक्का आणि शाईची गादी. गादी पुष्कळदा सुकलेली असते, म्हणून स्वतःची छोटी शाई-डबी जवळ ठेवा. वही मांडीवर धरून शिक्का मारला की अर्धाच उमटतो. ती पेटीच्या सपाट भागावर ठेवा, दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाब द्या आणि पान मिटण्याआधी मिनिटभर वाळू द्या. शेवटी झाकण नीट लावा, नाहीतर पावसाने मागून येणाऱ्याची शाई जाते.

ताकाहारा कड्यावरचं गाव आहे. तिथलं कुमानो देऊळ लहानसं आहे, भोवती प्रचंड कापराची झाडं. सकाळी दरीत धुकं साचतं ते बघायला अर्धा तास आधी उठा.

६. ताकाहारा ते चिकात्सुयु: १० किलोमीटर, चार ते पाच तास

दिवस सोपा आहे, फक्त पाण्याचं लक्ष ठेवा. ताकाहारा सोडल्यावर दाइमोन-ओजी, जूजो-ओजी, उवादा-जाया असा जंगलातला टप्पा आहे आणि तिथे काही विकत मिळत नाही. उवादा-जायानंतर उतार सुरू होतो. पावसात हा उतार चढापेक्षा धोक्याचा. ओसाकामोतो-ओजीनंतर रस्त्यालगत थांबा आहे, तिथे खाणं आणि स्वच्छतागृह मिळतं. पुढे लगेच ग्यूबा-दोजी ही बैल आणि घोडा दोहोंवर एकत्र बसलेल्या बालकाची दगडी मूर्ती. फोटोंमुळे मोठी वाटते, प्रत्यक्षात गुडघाभर उंच आहे, त्यामुळे लोक समोरून निघून जातात.

चिकात्सुयुत लवकर पोचलात तरी पुढे रेटू नका, पाय सोडून बसा. उद्याचा दिवस मोठा आहे. संध्याकाळी यजमानांना तीन गोष्टी सांगा: न्याहारी किती लवकर मिळेल, दुपारचा डबा हवा, आणि उद्या कुठवर चालणार आहात.

७. चिकात्सुयु ते होंगू: २५ किलोमीटर, आठ ते दहा तास

सगळ्यात जास्त चुका या दिवशी होतात, आणि त्या एकाच कारणाने: उशिरा निघणं. पहिल्या खेपेला नोव्हेंबरात आम्ही आरामात पावणेनऊला निघालो. त्सुगिझाकुरा-ओजीपाशी एका बाजूला वाढलेल्या फांद्यांचे ते अवाढव्य वृक्ष बघत, खालच्या झऱ्याचं पाणी पीत तासभर रमलो. होश्शिनमोनला पोचलो तेव्हा शेवटची बस गेलेली होती. उरलेले सात किलोमीटर दोघांत एका दिव्यावर उतरलो, आणि सोबतच्या सासूबाईंचा हात प्रत्येक पायरीला धरावा लागला. ज्या देवळासाठी तीन दिवस चाललो, त्याचं दार बंद झालेलं होतं.

तेव्हा वेळा अशा बांधा: सकाळी साडेसहाला, फार तर सातला निघायचं. दुपारी दोनपर्यंत होश्शिनमोन-ओजी.

हे जमणार नाही असं वाटत असेल, तर सकाळीच बसने काही टप्पा पुढे जा. चिकात्सुयुहून कोबिरो किंवा दोयुकावाबाशीपर्यंत बसने जाऊन पुढे चालणारे पुष्कळ आहेत. साठीपुढच्यांना मी हेच सुचवते.

पुढे वाराजी खिंड, युकावा-ओजी, मिकोशी खिंड असे चढउतार एकामागून एक येतात. २०११ च्या वादळी पावसात इवागामी खिंडीजवळ दरड कोसळली, तेव्हापासून तिथली मूळ वाट बंद आहे आणि वळणवाट आखून दिली आहे. जुन्या नकाशातली रेघ दाखवून दोर ओलांडणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका. वळणवाटेने गेलात तरी यात्रा पूर्णच धरली जाते. या भागात खांबांचे आकडे सलग लागत नाहीत, तेव्हा घाबरून मागे फिरू नका, वळणवाटेच्या बाणांवर चाला.

*तपासा (मिकोशी खिंडीत):* घड्याळात साडेबारा-एकच्या पुढे वाजलं आहे का? तर होश्शिनमोनहून होंगूची बस धरायची असं इथेच ठरवा. पाय घसरला, कुणी अडकलं तर रुग्णवाहिकेला ११९. जवळच्या खांबाचा आकडा सांगितला की मदतीला येणाऱ्यांना तुमची जागा कळते.

होश्शिनमोन ते होंगू हा ७ किलोमीटरचा शेवटचा टप्पा बहुतांशी उताराचा. चहाच्या मळ्यांतून, वस्तीतून जातो. लहान मुलं किंवा आई-वडील बरोबर असतील तर फक्त एवढाच भाग करा: होंगूहून बसने होश्शिनमोनला जायचं आणि अडीच-तीन तासांत चालत परत. फुशिओगामी-ओजीवरून दूर खाली होंगूची जागा पहिल्यांदा दिसते. नावाचा अर्थच ‘लोटांगण घालून नमस्कार’ असा आहे. पंढरीच्या वाटेवर कळस दिसला की वारकरी जसा हात जोडतो, तसंच इथे झालं असणार.

८. देवळात: क्रम आणि वर्तन

या वाटेने आलेला माणूस हाराइदो-ओजीवरून देवळाच्या मागच्या अंगाने पोचतो. हाराइदो ही शुद्धीची जागा. घामाचे कपडे झटकून, टोपी काढून पुढे व्हा.

तोरीखालून (देवळाच्या प्रवेशाची कमान) जाण्याआधी किंचित वाकायचं आणि कडेने चालायचं, कारण मधली वाट देवाची. पाण्याच्या कुंडावर पळी उजव्या हातात घेऊन डावा हात धुवा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यावर पाणी ओता आणि त्याने चूळ भरा. पळी तोंडाला लावायची नाही, चूळ कुंडात टाकायची नाही. शेवटी डावा हात पुन्हा धुऊन पळी उभी करा म्हणजे दांडा धुतला जातो. हे सगळं एका पळीभर पाण्यात.

आत एकापेक्षा जास्त गाभारे आहेत आणि दर्शनाचा क्रम ठरलेला आहे. डावीकडून उजवीकडे नव्हे, आधी मुख्य देवाचं स्थान. क्रमाची पाटी आहे, ती वाचा. प्रत्येक ठिकाणी नाणं हलकेच टाका, दोनदा कमरेतून वाका, दोन टाळ्या, मनात प्रार्थना, मग एकदा वाका. चपला काढायच्या नाहीत, प्रदक्षिणा नाही, नारळ-फुलं नाहीत. हळद-कुंकू लावण्याचा मोह वाटेतल्या ओजींच्या दगडांपाशी होतो, पण तिथेही नको. आतल्या दारापलीकडे फोन खिशात ठेवा.

शिक्क्यांची वही इथल्या कार्यालयात पुढे करू नका. देवळाचा हस्तलिखित शिक्का, ‘गोशुइन’, वेगळ्या वहीत दक्षिणा देऊन घेतला जातो. पाचच्या आत कार्यालयात पोचा.

मग समोरच्या १५८ पायऱ्या उतरून ओयुनोहाराकडे जा. दहा मिनिटांचं अंतर आहे आणि थकलेली माणसं नेमकं हेच टाळतात. १८८९ च्या पुरापर्यंत देऊळ नदीकाठच्या या जागेवर होतं. भाताच्या खाचरांमध्ये उभी असलेली ३३.९ मीटर उंच तोरी इथेच आहे. आतल्या झाडीत दोन दगडी देव्हारे आहेत. तिथे फोटो काढायचे नाहीत.

९. युनोमिनेला रात्र

होंगूहून युनोमिनेला बसने जा. दाइनिची-गोए ही साडेतीन किलोमीटरची डोंगरवाटही आहे, पण २५ किलोमीटरनंतर ती खडी वाट चढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उलट दिशेने करा.

इथल्या त्सुबोयु या छोट्याशा न्हाणीत एका वेळी एकच गट जातो, अर्ध्या तासाची पाळी असते, आणि आगाऊ आरक्षण नाही, नंबर लावावा लागतो. पोचल्याबरोबर तिकीट काढून पाळी लावा, मग खोलीवर जा. न्हाणीत उतरण्याआधी अंग बाहेर धुवायचं, कपडे घालून उतरायचं नाही. पाणी कढत असेल तर शेजारचा थंड पाण्याचा नळ सोडा. गावाच्या मधोमध उकळत्या झऱ्याचं दगडी कुंड आहे, तिथे दुकानातून घेतलेली अंडी किंवा रताळी जाळीत बांधून सोडतात. अंड्याला दहा-बारा मिनिटं पुरतात, रताळ्याला बराच वेळ लागतो. दोरीचं टोक खुंटीला पक्कं बांधा, नाहीतर जाळी तळाला जाते आणि त्या पाण्यात हात घालता येत नाही.